हे टक्के कमावले कोणी? अतिकडक बिअरमागचं यीस्ट आणि बर्फ

नमस्कार मंडळी. आज बिअरबद्दल बोलायचं आहे, आणि तेही फार कडक बिअरबद्दल. एरवीची बिअर ४ ते ६ टक्के अल्कोहोलची असते, वाइन १२ ते १४ ची आणि व्हिस्की ४० किंवा त्याच्या पुढची. मग १५, २०, ३० टक्क्यांची बिअर बनते कशी? आणि असल्या उद्योगाला हात घालणारे लोक बहुतेक वेळा छोट्या क्राफ्ट ब्रुअरीतलेच का असतात? या दोन प्रश्नांभोवती आज फिरूया.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि नंतर बरीच वर्षं एका छोट्या ब्रुअरीत यीस्ट सांभाळायचं काम केलं. त्यामुळे माझी नजर बाटलीच्या आधी यीस्टकडे जाते. कडक बिअर समोर आली की लोक विचारतात, किती टक्के? मला विचारावंसं वाटतं, हे टक्के कमावले कोणी? यीस्टने की बर्फाने? या प्रश्नाचं उत्तर कळलं की मग त्या आकड्याला काय किंमत द्यायची ते आपोआप कळतं.

आधी हिशेब मांडू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बार्लीला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट होतं. ते भरडून गरम पाण्यात घातलं की त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. त्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. वर्ट हॉप्सबरोबर, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांबरोबर, उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून कागदावर ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळतं आणि ८८ ग्रॅम वायू. म्हणजे साखरेचा जवळजवळ निम्मा भाग हवेत जातो. प्रत्यक्षात याहूनही थोडं कमीच पदरात पडतं, कारण यीस्टला स्वतःचं शरीरही त्याच साखरेतून उभारायचं असतं.

ब्रुअर हे सगळं हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या उपकरणाने, मोजतो. पाण्याची घनता १.०००. साध्या बिअरचं वर्ट सुरुवातीला १.०४८ च्या आसपास असतं, आंबून झाल्यावर १.०१० पर्यंत उतरतं. या दोन आकड्यांतल्या फरकाला साधारण १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते. इथे ५ टक्के. आता १५ टक्के हवे असतील तर घनता किती उतरायला हवी? तर ०.११५ च्या आसपास. म्हणजे वर्ट १.१४० च्या पुढे सुरू करायचं. असलं वर्ट हातावर घेतलं की काकवीसारखं बोटांना चिकटतं.

कोणाला वाटेल, मग अडचण काय? माल्ट वाढवा, साखर वाढवा, टक्के वाढतील. सगळा खेळ इथेच सुरू होतो, कारण साखर वाढवणं आपल्या हातात आहे, ती खाणं यीस्टच्या हातात आहे.

यीस्टची पेशी म्हणजे पातळ पडद्यात बांधलेला एक थेंब. दाट साखरेच्या पाण्यात ती पडली की बाहेरची साखर तिच्यातलं पाणी ओढून घेते. पेशी आकसते. तग धरण्यासाठी ती आत ग्लिसरॉल साठवते, त्यात तिची शक्ती खर्च होते. हा पहिला मार, अगदी पहिल्या दिवशीचा. दुसरा मार शेवटी बसतो, आणि तो जास्त जिव्हारी लागतो. अल्कोहोल पेशीच्या पडद्यात घुसतं. पडदा सैल पडतो, गळायला लागतो. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आम्ल आत येतं आणि ते परत बाहेर ढकलण्यातच पेशी दमून जाते. गंमत नव्हे, खरोखर दुःखाची गोष्ट आहे ही: यीस्ट ज्या अल्कोहोलने मरतं ते त्याने स्वतःच तयार केलेलं असतं.

या पडद्याला टणकपणा देतं ते एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य. आणि ते बनवायला पेशीला ऑक्सिजन लागतो. म्हणून आंबायला लागण्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, वर्टमध्ये ऑक्सिजन भरपूर सोडावा लागतो. नंतर सोडला तर बिअर बिघडते, जुन्या पुठ्ठ्यासारखा वास मारायला लागते. मी नव्या मुलांना सांगायचो, ही यीस्टची शिदोरी आहे. वाटेत काही मिळणार नाही, निघतानाच बांधून द्यायची. आणि पेशी दुभंगते तेव्हा ही शिदोरी आईत आणि लेकीत वाटली जाते. चार-पाच पिढ्यांत ती संपते. साध्या बिअरला तेवढी पुरते. कडक बिअरमध्ये संपते आणि अजून अर्धी वाट चालायची असते. म्हणून काही ब्रुअर अशा वर्टला यीस्ट सोडल्यावर बारा ते अठरा तासांच्या आत दुसऱ्यांदा ऑक्सिजन देतात. त्या वेळी यीस्ट इतकं भुकेलेलं असतं की सगळा ऑक्सिजन खेचून घेतं आणि बिअरला काही होत नाही. त्यानंतर मात्र तो दरवाजा बंद.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. ५०० लिटरचा टँक होता. वर्ट १.१३०. माल्ट भरपूर, उकळी साडेतीन तासांची, सगळं मनासारखं. यीस्टही मी भरपूर सोडलं होतं. एल यीस्टचा, म्हणजे थंडीत नव्हे तर कोमट तापमानाला काम करणाऱ्या यीस्टचा, ढोबळ नियम असा की वर्टच्या दर प्लेटो अंशाला एका मिलिलिटरमध्ये दहा लाख पेशी. प्लेटो अंश म्हणजे १०० ग्रॅम वर्टमध्ये विरघळलेले घटक किती ग्रॅम, ते. आमचं वर्ट ३० अंशांचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तीन कोटी पेशी. पहिले तीन दिवस टँकमधून वायूचा असा लोट येत होता की नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात धरलं की पाणी उसळून बाहेर पडायचं. चौथ्या दिवशी थोडा संथ, सातव्या दिवशी अगदी हळू. नवव्या दिवशी बुडबुडे थांबले. हायड्रोमीटर १.०५८ वर. म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालेलं आणि बाकी सगळी साखर तशीच. चव घेतली तर ओठ चिकटतील इतकी गोड, आणि मागून अल्कोहोलचा चटका.

याला अडकलेलं किण्वन, म्हणजे अर्ध्यावर थांबलेलं आंबणं, म्हणतात. प्रत्येक ब्रुअरच्या नशिबी हे एकदा येतंच. मी घाईने चूक केली. नवं कोरडं यीस्ट आणलं, पाण्यात भिजवलं आणि थेट टँकमध्ये ओतलं. काही झालं नाही. होणारच नव्हतं. साडेनऊ टक्के अल्कोहोलमध्ये, ऑक्सिजनचा कण नसताना, नुकती जागी झालेली पेशी टाकली तर ती करणार काय? दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मेलेल्या पेशींचा खच.

मग एका जुन्या ब्रुअरने सांगितलं तसं केलं. साध्या, पातळ वर्टमध्ये पाच लिटर यीस्ट वाढवलं, अल्कोहोल सोसणारं, मुळात वाइनसाठी वापरतात तसलं. ते जोमात आलं की त्यात टँकमधली एक लिटर कडक बिअर घातली. परत जोमात येईपर्यंत थांबलो. मग दोन लिटर. मग पाच. असं तीन दिवस. यीस्टला हळूहळू त्या अल्कोहोलची सवय झाली, आणि ऐन भरात असताना, फेस वर आलेला असताना, ते सगळं टँकमध्ये सोडलं. टँकचं तापमान दोन अंशांनी वाढवलं, दिवसातून एकदा खालून कार्बन डायऑक्साइड सोडून तळाशी बसलेलं यीस्ट ढवळलं. चौथ्या दिवशी नळीतून एक बुडबुडा आला. मी तिथे बादलीशेजारी बसून होतो. अर्ध्या मिनिटाने दुसरा आला. त्या दोन बुडबुड्यांतलं अर्धं मिनिट मला अजून आठवतं.

पुढे सात आठवडे लागले. शेवटी हायड्रोमीटर १.०३० वर थांबला, म्हणजे १३ टक्के. ते ५०० लिटर वाचले.

मी हे एवढं लांबवून सांगितलं, कारण छोटी ब्रुअरी या कामात का पडते ते यातून दिसतं. साध्या बिअरचा टँक दोन-तीन आठवड्यांत मोकळा होतो. कडक बिअर तोच टँक तीन-चार महिने अडवते, आणि मग वर पिंपात वर्ष-दोन वर्षं. माल्टही तिप्पट लागतं, कारण माल्ट धुताना फक्त पहिलं दाट पाणी घ्यायचं असतं. मोठ्या कारखान्याचं सगळं गणित टँक किती वेळा रिकामा होतो यावर चालतं. त्याला हे परवडत नाही, आणि परवडलं तरी इतक्या मोठ्या टँकमध्ये जोखीम कोण घेणार? छोट्या ठिकाणी एक टँक बाजूला ठेवता येतो. फसलं तर ओतून देता येतं, जीव तुटला तरी. आणि मुख्य म्हणजे, बादलीशेजारी बसून राहणारा एखादा माणूस तिथे असतो.

असं म्हटलं तरी या वाटेवरचं एक मोठं पाऊल एका जुन्या, नावाजलेल्या ब्रुअरीने टाकलं. झुरिकची हुर्लिमान ब्रुअरी यीस्टच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होती. तिथे १९७९ मध्ये सामिख्लाउस नावाची १४ टक्क्यांची लागर तयार झाली. लागर यीस्ट थंडीत, संथपणे काम करणारं. त्याच्याकडून १४ टक्के काढून घेणं ही फार मोठी गोष्ट होती. सामिख्लाउस म्हणजे स्विस जर्मनमध्ये संत निकोलस. ही बिअर वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, त्या संताच्या दिवशी बनवायची आणि जवळजवळ दहा महिने मुरवून पुढच्या डिसेंबरसाठी बाहेर काढायची. १९९७ मध्ये ती बंद पडली. २००० पासून ऑस्ट्रियातली श्लॉस एग्गेनबर्ग ब्रुअरी ती बनवते, तारीख तीच ठेवून.

अमेरिकेत बोस्टन बिअर कंपनीने, म्हणजे सॅम्युअल ॲडम्स बनवणाऱ्यांनी, १९९० च्या दशकात १७.५ टक्क्यांची ट्रिपल बॉक काढली. २००२ मध्ये युटोपियस आली, २४ टक्क्यांची. पुढे ती २८ वर गेली आणि २०२५ च्या आवृत्तीत ३० टक्क्यांवर. ती कंपनी आता छोटी राहिलेली नाही, पण ही बिअर त्यांनी छोट्या ब्रुअरीच्याच चिकाटीने केली. पिंपांत वर्षानुवर्षं मुरलेल्या जुन्या बॅच नव्या बॅचमध्ये मिसळतात. तिच्यात वायू नसतो, फेस नसतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत बिअरच्या अल्कोहोलवर कायद्याची मर्यादा असल्याने ती तिथे विकताच येत नाही. तिकडेच डेलावेअरमध्ये १९९५ साली डॉगफिश हेड नावाची ब्रुअरी अगदी इवल्याशा भांड्यांवर सुरू झाली. एका वेळी बारा गॅलन, म्हणजे ४५ लिटर. पुढे त्यांनीच १८ टक्क्यांच्या आसपासची स्टाउट, म्हणजे काळी बिअर, आणि हॉप्सने भरलेली १५ ते २० टक्क्यांची आयपीए (इंडिया पेल एल) बनवली.

१४ च्या पुढे जायची जी युक्ती आहे ती इथे सांगतो. सगळी साखर एकदम द्यायची नाही. वर्ट १.१०० किंवा १.१२० वर सुरू करायचं, यीस्टला ते पचवू द्यायचं आणि मग रोज थोडी साखर घालायची. आज थोडी, उद्या थोडी. म्हणजे पहिला मार, तो दाट साखरेचा, टळतो. १०० लिटरमागे एक किलो साखर घातली की अल्कोहोल अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त वाढतं. म्हणजे पाच टक्के वाढवायचे तर आठ-नऊ किलो, आणि तेही दहा-पंधरा दिवसांत विभागून. घास मोठा झाला की यीस्ट अडकलं. वेळ चुकली आणि यीस्ट झोपी गेलं की परत उठत नाही. रात्री दोन वाजता साखर घालायला उठलेले ब्रुअर मला माहीत आहेत.

ही युक्ती जपानमध्ये शतकानुशतकं वेगळ्या रूपात चालत आलेली आहे. साके बनवताना भाताचा स्टार्च कोजी नावाच्या बुरशीमुळे साखरेत बदलत असतो आणि त्याच भांड्यात, त्याच वेळी, यीस्ट ती साखर खात असतं. साखर कधी साचतच नाही. शिवाय भात, कोजी आणि पाणी तीन टप्प्यांत वाढवत नेतात. म्हणून साके पाण्याने पातळ करण्याआधी २० टक्क्यांपर्यंत पोचते, निव्वळ यीस्टच्या बळावर. कडक बिअर बनवणाऱ्या प्रत्येकाने साकेच्या कारागिरांपुढे हात जोडावेत असं मला मनापासून वाटतं.

पण विसाच्या पुढे यीस्टचा श्वास कोंडतो. पंचवीस-तीसपर्यंत रेटत नेणं जगात मोजक्यांनाच जमलं आहे. त्यापुढचे आकडे कुठून येतात? तिथे बर्फ येतो.

पाणी शून्य अंशाला गोठतं. शुद्ध अल्कोहोल उणे ११४ ला. बिअर थंड करत नेली की त्यातलं पाणी आधी बर्फ होतं आणि अल्कोहोल उरलेल्या द्रवात दाटत जातं. बर्फ काढून टाका, कडक बिअर उरते. जर्मनीत याला आइसबॉक म्हणतात. कुल्मबाखच्या एका ब्रुअरीत शिकाऊ पोराने थंडीच्या रात्री पिंपं अंगणातच विसरली, ती फुटली, आणि बर्फाच्या पोटात काळाभोर कडक द्रव सापडला, अशी दंतकथा तिकडे सांगतात. गोष्ट खरी असो नसो, त्यातलं विज्ञान बरोबर आहे.

यात एक कठोर नियम आहे. कोणत्याही तापमानाला द्रव एका ठराविक हद्दीपर्यंतच दाटतो. १० टक्क्यांची बिअर उणे ४ च्या आसपास गोठायला लागते. उणे २० पर्यंत नेलं तर उरलेला द्रव तिशीच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. तिथे महिनाभर ठेवा, काही फरक पडणार नाही. चाळीस हवेत तर आणखी खाली, पन्नाशी हवी तर उणे ३० च्याही खाली. आणि बर्फ नवं अल्कोहोल तयार करत नाही. १० टक्क्यांच्या १००० लिटर बिअरमध्ये १०० लिटर अल्कोहोल असतं. ४० टक्के करायची तर हाती जास्तीत जास्त २५० लिटर येणार. प्रत्यक्षात बर्फाच्या फटींत अडकून बरंच वाया जातं.

२००९ ते २०११ या काळात दोन छोट्या ब्रुअरींत या पद्धतीवर जी चढाओढ झाली ती तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. एका बाजूला जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातली शोर्शब्रॉय, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडमधल्या फ्रेझरबर्गची ब्रूडॉग, जी दोन तरुणांनी २००७ मध्ये सुरू केली होती. जर्मनांची ३१ टक्के, स्कॉटिशांची ३२, परत जर्मनांची ४०, मग ४१, ४३, ५५ आणि शेवटी ५७.५. वर्षा-दीड वर्षात हे सगळं. ५५ वाल्या बिअरच्या मोजक्या बाटल्या तर पेंढा भरलेल्या खारी आणि तत्सम प्राण्यांच्या अंगात बसवून विकल्या. मला तो प्रकार आवडला नाही. मेलेल्या प्राण्याची बाटलीला काही गरज नव्हती. पण २०२० मध्ये या दोन ब्रुअरींनी एकत्र येऊन ५७.८ टक्क्यांची बिअर केली, ते मात्र मला फार छान वाटलं.

आता माझं मत. बर्फाची पद्धत मी कमी लेखत नाही. चांगली आइसबॉक अतिशय सुंदर असते. पण बर्फ निवड करत नाही. अल्कोहोलबरोबर कडवटपणा दाटतो, गोडवा दाटतो, आणि मूळ बिअरमध्ये जो दोष असेल तो तर चौपट होतो. गरम तापमानाला आंबवलेल्या बिअरमध्ये जड अल्कोहोल तयार होतात, त्यांचा घशाला रॉकेलसारखा झणका लागतो. ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये तो झाकला जाईल. गोठवून दाट केल्यावर झाकणार कसा? म्हणून बर्फाने कमावलेल्या बिअरमध्ये खरी परीक्षा गोठवण्याच्या आधीच्या बिअरची असते. तो आकडा मी शीतगृहाच्या खात्यावर लिहितो, आणि चव ब्रुअरच्या.

लेबलवर हे सांगायला हवं, असा माझा आग्रह आहे. आंबवून किती टक्के झाले, गोठवून किती केले. आणि मोजणीही नीट व्हावी. हायड्रोमीटर कडक बिअरमध्ये फसवतो, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, आणि गोठवून दाट केल्यावर तर आधीच्या-नंतरच्या घनतेचा हिशेबच लागत नाही. खरा आकडा हवा तर नमुन्याचं ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल वेगळं काढायचं आणि मोजायचं. प्रयोगशाळेत तासाभराचं काम आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. ३३० मिलिलिटरच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत १६ मिलिलिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं. तेवढीच बाटली ३० टक्क्यांची असेल तर ९९ मिलिलिटर. बिअर हा शब्द ऐकून हात जातो तो बिअरच्या मापाने, आणि इथेच माणूस संकटात सापडतो. अल्कोहोल कर्करोगाला कारण ठरतं हे १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या वर्गीकरणात आहे. अमुक मात्रा सुरक्षित असं काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. या बिअर तुम्ही प्याव्यात म्हणून मी बोलत नाही. कोणी पितच असेल तर ३० मिलिलिटर, छोट्या ग्लासात, आणि एकदाच.

प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतून विचारताहेत की वर्षानुवर्षं मुरवून होतं काय. थोडक्यात सांगतो. पिंपाच्या लाकडातून अगदी थोडा ऑक्सिजन आत येत राहतो. साध्या बिअरची त्याने नासाडी होते. पण कडक, गडद बिअरमध्ये त्याच ऑक्सिजनमुळे मनुका, अक्रोड, जुनं चामडं असे वास उमलतात, आणि अल्कोहोलचा चटका निवतो. आमच्या त्या १३ टक्क्यांच्या बिअरचा नमुना मी दर तीन महिन्यांनी पिंपातून काढायचो. पहिल्या नमुन्यात नाकाला झोंबत होतं. सहाव्या महिन्यात झोंबणं गेलं, पण वास बंद खोलीसारखा. नवव्या महिन्यात मनुका आल्या. ग्लास कलता करून सरळ केला की काचेवरून जाड धारा सावकाश खाली यायच्या.

आणि ताई, तुमचा प्रश्न फार चांगला आहे: एवढं सगळं झाल्यावर त्या यीस्टचं काय होतं?

साध्या बिअरचं यीस्ट आम्ही टँकच्या तळातून काढून पुढच्या बॅचला वापरतो, पाच-सात वेळा, कधी जास्तही. कडक बिअरचं यीस्ट वापरता येत नाही. त्याचा हा शेवटचाच प्रवास असतो. टँक रिकामा केला तेव्हा तळाचा गाळ मी मेथिलीन ब्लूने रंगवून बघितला. या रंगात मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. दहातल्या आठ निळ्या होत्या. उरलेल्या दोन बघून मला तो गाळ ओतवेना. एमिल ख्रिश्चन हानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एकेका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत बसवली, तिचाच धागा धरून मी तो गाळ पातळ करून अगारच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरला. दोन दिवस काही दिसलं नाही. एकाच वाणाच्या पेशींत जी वाचली ती जास्त चिवटच असेल असं नसतं, कधी ती नुसती नशीबवान असते, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे अकरा पांढरे ठिपके होते. त्यातले चार मी नळ्यांत घालून शीतकपाटात ठेवले, तारीख घातली आणि पुढच्या हिवाळ्यात त्यातल्या तिसऱ्यापासून वीस लिटर यीस्ट वाढवलं. ती बॅच न अडकता १४.६ टक्क्यांपर्यंत गेली.